कांचेआडचा समुद्र

रेणापूरच्या आसपास समुद्र हा शब्द बहुधा कीर्तनांत किंवा शाळेच्या भूगोलांतच कानीं पडतो. आमचा मुलूख रेणा-मांजरेचा, काळ्या रानाचा आणि उन्हाळ्यांत तळ दाखविणाऱ्या विहिरींचा. येथें बसून खाऱ्या पाण्याच्या मत्स्यालयाविषयीं, आणि त्यांतही प्रवाळांच्या मोठ्या टांकीविषयीं निबंध लिहावयास घेणें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या विषयांत सांठविलेल्या पाण्याचा प्रश्न मुख्य आहे, त्याच्याशीं मराठवाड्याच्या मनुष्याचें नातें किनाऱ्यावरील मनुष्याइतकेंच जवळचें आहे, असें आम्हांस वाटतें. पाणी आणणें निराळें आणि तें राखणें निराळें, हा भेद ज्यानें जन्मभर पाहिला, त्याला ह्या इतिहासाचें मर्म समजावयास फार वेळ लागत नाहीं.

मत्स्यालय हें सामान्यतः करमणुकीचें स्थान समजलें जातें. मुलांस घेऊन जावें, रंगीबेरंगी मासे पाहावे आणि भेळ खाऊन घरीं यावें, एवढाच त्याचा उपयोग. कांचेच्या अलीकडून पाहणाऱ्यास पलीकडील सर्व व्यापार आपोआप चालला आहे असें भासतें. भिंतीच्या मागें, ओल्या जमिनीवर, नळांच्या आणि पंपांच्या गर्दींत कोणी मनुष्य रात्रंदिवस उभा असतो, आणि त्यानें एक दिवस हात आंखडला तर हा सारा देखावा दोन दिवसांत नासेल, हें प्रेक्षकांच्या ध्यानांतही येत नाहीं. मत्स्यालयांचे जे इतिहास लिहिले गेले, त्यांत उद्घाटनें पुष्कळ आहेत; हा मनुष्य क्वचित् आहे. मोठ्या खाऱ्या टांकीचें बरेंवाईट तींत पाणी पडण्यापूर्वींच बव्हंशीं ठरून गेलेलें असतें, आणि आराखडा काढणारा जें विसरतो तें टांकी राखणाऱ्यास जन्मभर भरून द्यावें लागतें, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

प्रथम समुद्र बंदिस्त करणें म्हणजे काय, तें पाहूं. समुद्राच्या एक लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. टांकीच्या पृष्ठभागावरून पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात. वैशाखांत विहीर उतरत गेली म्हणजे तिचें पाणी मचूळ लागूं लागतें, हा आमच्याकडील घरोघरचा अनुभव आहे. टांकींत नेमकें हेंच रोज घडतें. म्हणून उडून गेलेल्या पाण्याची भर खाऱ्या पाण्यानें न करतां गोड्या पाण्यानें करावी लागते. हा नियम ऐकावयास सोपा आहे, परंतु तो रोज, न चुकतां, मोजून पाळावयाचा असतो.

दुसरी गोष्ट मलाची. माशांच्या शरीरांतून अमोनिया बाहेर पडतो आणि तो त्यांस विषासमान आहे. खडकांवर व वाळूच्या कणांवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट आणि मग पुष्कळ कमी घातक असें नायट्रेट बनवितात. हें रूपांतर जंतूंचें कार्य आहे, असें श्लेसिंग व म्युंत्स ह्या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं १८७७ सालीं सिद्ध केलें. नव्या टांकींत हे जंतु पुरेसे वाढावयास कित्येक आठवडे लागतात. तोंपर्यंत तींत मासे भरणें म्हणजे त्यांस विषांत सोडणें होय. पण उद्घाटनाचा मुहूर्त काढतांना जंतूंस कोणी विचारीत नाहीं! पाहुण्यांच्या सोयीनें दिवस ठरतो, टांकी गच्च भरते, आणि पुढील महिनाभर राखणारा सकाळीं मेलेले मासे गुपचुप काढीत राहतो.

तिसरी गोष्ट प्रवाळाची. प्रवाळ हें झाड नव्हे आणि दगडही नव्हे. तो अगदीं लहान प्राण्यांचा समुदाय आहे. उष्ण समुद्रांत प्रवाळभित्ति रचणाऱ्या जातींच्या शरीरांत सूक्ष्म शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतें आणि त्याचा मोठा वांटा प्रवाळास मिळतो. म्हणून प्रवाळास उजेड हवा. पाण्यांतील चुना शोषून तें आपला सांगाडा बांधतें, म्हणून पाण्यांत चुना सतत हवा. तें स्वतः हलत नाहीं, म्हणून पाण्यानें त्याच्याभोंवतीं हललें पाहिजे. आणि उन्हाळ्यांतील नेहमींच्या कमाल उष्णतेपेक्षां एकदोन अंश उष्णता अधिक होऊन कांहीं आठवडे टिकली, तर आंतील शैवाल निघून जातें आणि प्रवाळ पांढरेंफटक पडतें. मासा अवघड स्थितींत धडपड तरी करतो. प्रवाळ मुकाट्यानें मरतें. म्हणूनच प्रवाळांची टांकी ही आराखड्याच्या गुणदोषांची सर्वांत कडक परीक्षा होय.

ह्या परीक्षेचा इतिहास एका गृहिणीपासून सुरू होतो. अ‍ॅना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर मठाच्या एका धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ सालीं तिनें टॉर्कीच्या किनाऱ्यावरून कांहीं जिवंत प्रवाळें आपल्या घरीं आणलीं. तीं थंड समुद्रांतील लहान जातीचीं होतीं, भित्ति रचणारीं नव्हेत. प्रवासांत तीं आपटूं नयेत म्हणून तिनें त्यांस सुईदोऱ्यानें स्पंजावर शिवून घेतलें होतें. लंडनांत ताजें समुद्राचें पाणी मिळण्याची पंचाईत. तेव्हां तेंच पाणी उघड्या खिडकीजवळ एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत पुनःपुन्हां ओतून त्यांत हवा खेळवावी, अशी युक्ति तिनें काढली. हें ओतण्याचें काम रोज अर्धापाऊण तास तिची मोलकरीण करीत असे. पुढें समुद्रशेवाळ घातल्यावर हा त्रास कमी झाला. त्या मोलकरणीचें नांव प्रसिद्ध इतिहासांतून आढळत नाहीं. परंतु यंत्राच्या अभावीं आपल्या हातांनीं समुद्र जिवंत ठेवणाऱ्यांच्या परंपरेंत तिचा मान फार वरचा आहे, असें आम्ही समजतों.

१८५० सालीं रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञानें मासे, पाणवनस्पति आणि गोगलगाई एकत्र ठेवल्यास पाणी पुष्कळ काळ शुद्ध राहतें, हें दाखविलें. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, आणि पुढच्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस ह्याच्या ग्रंथानें ह्या नादाचें लोण इंग्लंडांतील मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यांपर्यंत पोंचविलें. परंतु घरांतील लहान पात्राचे नियम मोठ्या टांकीस लागू पडतीलच असें नाहीं, हें कळावयास आणखी कांहीं वर्षें जावीं लागलीं. आणि तें ज्याला नीट कळलें तो मोठा पंडित नव्हता.

विल्यम आल्फर्ड लॉइड हा पुस्तकांच्या दुकानांत काम करणारा गरीब मनुष्य. शास्त्राचें शिक्षण त्यानें स्वतःच मिळविलें. घरच्या पात्रांवर हात बसल्यावर त्यानें लंडनांत जलचरांचें व टांक्यांचें दुकान काढलें. तें १८६२ सालीं दिवाळ्यांत निघालें. पुढें तो हँबुर्ग येथील मत्स्यालयाकडे गेला, आणि १८७१ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें त्याच्या योजनेनुसार मोठें मत्स्यालय उघडलें. लॉइडचें तत्त्व एका वाक्यांत सांगतां येईल. प्रेक्षकांस जितकें पाणी दिसतें त्याच्या कित्येक पट पाणी जमिनीखालीं, अंधाऱ्या व थंड हौदांत असावें, आणि तें पंपानें अखंड वर चढून, टांक्यांतून वाहत, पुन्हां हौदांत उतरावें. अंधारांत शेवाळ माजत नाहीं. मोठ्या सांठ्यामुळें उष्णता व क्षार एकाएकीं बदलत नाहींत. एका टांकींत एखादा मासा कुजला तरी त्याचें विष सर्व पाण्यांत विरून सौम्य होतें. धातूच्या नळांनीं समुद्राचें पाणी विषारी होतें हें ओळखून त्यानें पंप व नळ कठीण रबराचे घेतले होते. जंतूंचें कार्य तेव्हां कोणासही ठाऊक नव्हतें. तरी लॉइडची रचना त्या कार्यास अनुकूल अशीच होती. त्यानें टांक्या प्रथम राखल्या होत्या व मग आराखडे काढले, हेंच त्याचें कारण होय.

ह्या मत्स्यालयाचें समुद्राचें पाणी ब्रायटनहून आगगाडीनें आणलें होतें. ह्या ठिकाणीं आमच्या जिल्ह्यांतील वाचकांस २०१६ च्या एप्रिलची आठवण झाल्यावांचून राहणार नाहीं. धनेगांवचें मांजरा धरण कोरडें पडल्यावर मिरजेहून लातुरास आगगाडीनें पाणी आलें. पहिल्या गाडीस दहा वाघिणी होत्या, आणि पुढें पन्नास वाघिणींची गाडी एका खेपेस सुमारें पंचवीस लाख लिटर पाणी आणूं लागली. एकीकडे शोभेसाठीं समुद्र गाडींत बसला, दुसरीकडे तहानेसाठीं नदी बसली. दोहोंची तुलना करणें योग्य नव्हे. पण एक बोध दोहोंत समान आहे. गाडीनें आणलेल्या पाण्याची किंमत माणसास कळते, कारण तें डोळ्यांसमोर येतें. ब्रायटनचें पाणी एकदां आणलें आणि लॉइडनें तें वर्षानुवर्षें फिरवून वापरलें. नवें पाणी आणण्यापेक्षां असलेलें राखणें हाच त्याच्या विद्येचा सार होता.

लॉइडचें उदाहरण समोर असतांही पांच वर्षांच्या आंत त्याच लंडनांत एक विलक्षण प्रकार घडला. १८७६ सालीं वेस्टमिन्स्टर मठासमोर, म्हणजे अ‍ॅना थिनच्या मोलकरणीनें जेथें तीस वर्षांपूर्वीं पाणी ओतलें त्याच परिसरांत, रॉयल अ‍ॅक्वेरियम नांवाचा टोलेजंग प्रासाद उघडला. तेथें ताडमाडांनीं शोभणारें विशाल दालन, वाद्यवृंद, भोजनगृहें, नाटकगृह, सर्व कांहीं होतें. मोठाल्या टांक्याही होत्या. फक्त मासे नव्हते! पाणी खेळविण्याची योजना मुळांतच सदोष निघाल्यामुळें त्या टांक्या कधीं नीट भरल्याच नाहींत. रिकाम्या टांक्यांची थट्टा सुरू झाली, मग कसरती व तमाशे यांवर संस्था चालूं लागली, आणि १९०३ सालीं ती इमारत पाडण्यांत आली. मुळाविना वृक्ष जसा, तसें हें मत्स्यांवांचून मत्स्यालय. पैसा कमी पडला म्हणून हें झालें नाहीं. पैसा कांचेच्या अलीकडे खर्च झाला, म्हणून झालें.

ह्याच्या उलट दृष्टांत नेपल्सचा. अँटन डोर्न ह्या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें तेथें संशोधनमंदिर उभारलें आणि १८७४ सालीं त्याच्या तळमजल्यावर मत्स्यालय उघडून लोकांच्या तिकिटांच्या उत्पन्नाची जोड शास्त्रास दिली. टांक्यांच्या रचनेंत त्यानें लॉइडचा सल्ला घेतला होता. वर अभ्यास करणारे विद्वान आणि खालीं प्राणी राखणारे सेवक एकाच छताखालीं असल्यामुळें टांकींतील दुखणें अभ्यासकाच्या दृष्टीस पडे.

आमच्या देशांत ह्या विद्येचा आरंभ मद्रासेस झाला. एडगर थर्स्टन ह्यांच्या पुढाकारानें तेथील समुद्रकिनाऱ्यावर १९०९ सालीं मत्स्यालय उघडलें, तें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत बंद पडलें. मुंबईचें तारापोरवाला मत्स्यालय हें त्यानंतरचें. मरीन ड्राइव्हवरील ह्या इमारतीस सुमारें आठ लाख रुपये खर्च आला, त्यांत दोन लाखांची देणगी डी. बी. तारापोरवाला ह्या पारशी दानशूर गृहस्थांची होती. १९५१ सालीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे त्याचा कारभार आला, आणि नेपल्सच्या वळणावर त्यास सागरी संशोधनाचीही जोड मिळाली. महाराष्ट्राच्या कोनाकोपऱ्यांतून मुंबई पाहावयास गेलेल्या दोनतीन पिढ्यांनीं जिवंत समुद्री मासा प्रथम पाहिला तो येथेंच. राणीचा बाग आणि मत्स्यालय पाहिल्यावांचून मुंबई पाहिली असें आमच्याकडे कोणी म्हणत नसे.

पुढें बराच काळ बंद ठेवून त्याची दुरुस्ती झाली आणि २०१५ सालीं तें बारा फूट लांबीच्या पारदर्शक बोगद्यासह पुन्हां उघडलें. परंतु अलीकडच्या वर्षांत इमारतीच्या जीर्णतेमुळें तें प्रेक्षकांस बंद ठेवावें लागलें. ह्यांत कोणाचा दोष काढण्याचा आमचा हेतु नाहीं. खाऱ्या पाण्याचा स्वभावच असा आहे. बाहेरून खारा वारा, आंतून खारे तुषार. क्षार काँक्रीटमध्यें हळूहळू मुरतात, आंतील लोखंडी सळ्या गंजतात, गंजलेलें लोखंड फुगतें आणि काँक्रीट आंतूनच फोडतें. मत्स्यालयाची इमारत ही इतर इमारतींसारखी नव्हे. ती स्वतःच एक झिजणारें पात्र आहे. बांधण्याच्या खर्चाबरोबरच ती झिजण्याचा खर्च पहिल्या दिवसापासून बाजूस काढला, तरच ती टिकते.

आतां प्रवाळांकडे वळूं. विजेच्या दिव्यांनीं उजळलेल्या टांकींत मासे जगत, पण भित्ति रचणारें प्रवाळ दीर्घकाळ जगत नसे. ह्या बाबतींत दोन मार्ग निघाले, आणि दोन्ही साधेपणाचे होते. पॅसिफिक महासागरांतील नूमेआ शहरांत रने काताला ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानें १९५६ सालीं मत्स्यालय काढलें. तेथें शेजारच्या समुद्राचें पाणी सतत आंत येई आणि बाहेर जाई. दुसरा मार्ग जाकार्ता येथील ली चिन एंग ह्या गृहस्थाचा. त्यानें १९६१ च्या सुमारास प्रसिद्ध केलेल्या पद्धतींत मोठें यंत्र नव्हतें. समुद्रांतून काढलेले जिवंत खडक, सूर्यप्रकाश आणि हवेचे सावकाश बुडबुडे, एवढ्यावर प्रवाळें वाढत. खडकाच्या छिद्राछिद्रांत राहणारे जंतु पाणी शुद्ध करीत. आज जगभर प्रवाळांच्या ज्या टांक्या आहेत, त्यांचा पाया बव्हंशीं ह्या जिवंत खडकांवर आहे.

लहान टांकींत साधलेलें मोठ्या प्रमाणावर साधूं गेल्यास काय होतें, ह्याचें सर्वांत बोधप्रद उदाहरण अमेरिकेंतील अ‍ॅरिझोना प्रांताच्या रुक्ष भूमींत घडलें. तेथें ‘बायोस्फीअर २’ नांवाचें सुमारें तीन एकरांचें कांचगृह बांधून १९९१ च्या सप्टेंबरांत आठ माणसांनीं दोन वर्षांसाठीं स्वतःस कोंडून घेतलें. आंत शेत होतें, अरण्य होतें, आणि पंचवीस लाख लिटरांहून अधिक पाण्याचा, प्रवाळभित्ति असलेला समुद्रही होता. लातुरास येणाऱ्या पन्नास वाघिणींच्या गाडींत मावेल त्याहून कांहींसें अधिक असें हें पाणी. कांहीं प्रशांत महासागराहून आणलें, बाकीचें गोड्या पाण्यांत क्षार मिसळून तयार केलें. किनाऱ्यापासून इतक्या दूर, वाळवंटांत, एवढी प्रवाळभित्ति जगवावयाची, ही कल्पना खरोखरच धाडसाची होती.

तिचा दोष टांकींत नव्हता. टांकीच्या भोंवतालीं होता. शेतांतील सकस मातींत जंतु फार माजले आणि त्यांनीं प्राणवायु खाऊन कर्बाम्लवायु सोडला. त्यांतील पुष्कळसा वायु उघड्या काँक्रीटनें शोषून घेतला, त्यामुळें गेलेला प्राणवायु परत आलाच नाहीं. हवेंतील प्राणवायूचें प्रमाण एकवीस टक्क्यांवरून सुमारें चवदा टक्क्यांपर्यंत उतरलें आणि १९९३ च्या आरंभीं तो बाहेरून सोडावा लागला. उरलेला कर्बाम्लवायु समुद्रांत विरून पाणी आम्लतेकडे झुकूं लागलें, आणि प्रवाळाच्या सांगाड्यास लागणारा चुना दुर्मिळ झाला. तेव्हां सोडा मिसळून पाणी सावरावें, पाण्यांत उतरून प्रवाळांवर पसरणारें शेवाळ हातांनीं उपटावें, असा क्रम सुरू झाला. समुद्राची जबाबदारी मुख्यतः अ‍ॅबिगेल अ‍ॅलिंग ह्या बाईंकडे होती. अर्धपोटीं राहून, विरळ हवेंत धापा टाकीत, ह्या मंडळींनीं ती भित्ति दोन वर्षें टिकविली. कांहीं प्रवाळें गेलीं, पुष्कळशीं वांचलीं. आराखड्याची तूट माणसांच्या हातांनीं भरून निघाली ती अशी.

ह्या सदोष समुद्रानें पुढें जगास एक मोठी गोष्ट शिकविली, हें येथें सांगितलेंच पाहिजे. तें कांचगृह कोलंबिया विद्यापीठाकडे आल्यावर ख्रिस लँग्डन व त्यांचे सहकारी ह्यांनीं त्याच पाण्यांतील चुन्याचें व आम्लतेचें प्रमाण मुद्दाम बदलून पाहिलें, आणि आम्लता वाढली म्हणजे प्रवाळभित्तीची वाढ मंदावते, हें २००० सालीं प्रसिद्ध केलें. हवेंतील वाढत्या कर्बाम्लवायूमुळें पृथ्वीवरील महासागरांतही हाच फेरफार चालू आहे. कोंडलेल्या समुद्रांतील चूक ही उघड्या समुद्रावर येऊं घातलेल्या संकटाची लहान प्रतिमा ठरली. फरक इतकाच कीं, त्या टांकींत सोडा टाकतां आला. हिंदी महासागरांत तो कोण टाकणार?

सदोष टांकी एकदां बांधून झाल्यावर तिचें काय करावें, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. दोष बहुधा तेच ते असतात. टांकी इतकी खोल कीं, हात तळास पोंचत नाहीं आणि वर उभें राहण्यास फळी नाहीं. खडकांची भिंत कांचेमागें गच्च रचलेली, त्यामुळें मागें पाणी हलत नाहीं आणि तेथें साका कुजत राहतो. पंप एकच, तो थांबला कीं सर्वांचा श्वास थांबतो. हौद दिसत नाहीं म्हणून लहान ठेवलेला. आजारी माशासाठीं निराळी टांकी नाहीं. मग तांब्याचें औषध मुख्य टांकींतच पडतें, आणि माशाचा रोग बरा होतां होतां प्रवाळें व शंखशिंपले मरतात. प्रकाश माशांच्या रंगासाठीं योजलेला, प्रवाळाच्या पोटासाठीं नव्हे.

अशा टांकीच्या राखणाऱ्यास चमत्कार करतां येत नाहीं; क्रम मात्र लावतां येतो. प्रथम वही घालावी, आणि क्षार, उष्णता, आम्लता, नायट्रेट व चुना हीं रोज किंवा ठराविक दिवशीं मोजून लिहावीं. कारण आंकड्यांवांचून केलेली तक्रार वरिष्ठांस पटत नाहीं. मग मासे कमी करावे. हा उपाय सर्वांत स्वस्त व सर्वांत अप्रिय असतो, कारण प्रेक्षकांस गर्दी हवी असते. त्यानंतर जेथें जागा मिळेल तेथें, भिंतीमागें किंवा तळघरांत, पाण्याचा छुपा सांठा वाढवावा. दिसणाऱ्या टांकीचा आकार बदलतां येत नाहीं, पण तिच्या मागील पाणी वाढवितां येतें. हवेच्या बारीक बुडबुड्यांनीं पाण्यांतील चिकट मळ फेसाबरोबर वर आणून काढणारें यंत्र बसवावें. लाटेबरोबर किनाऱ्यावर येणारा पिवळट फेस हें त्याच युक्तीचें निसर्गांतील रूप होय. खडकांची भिंत थोडथोडी उकलून तिच्यांतून पाणी वाहूं द्यावें, पण एकाच दिवशीं सर्व उकलूं नये; दाबून राहिलेली घाण एकदम मोकळी झाली तर टांकी त्याच रात्रीं बसते. दुसरा पंप मागावा, आणि मिळेपर्यंत मागत राहावा. घाईनें केलेला कोणताही बदल खाऱ्या टांकीस मानवत नाहीं. तिच्यांत बिघाड लौकर होतो आणि सुधारणा फार सावकाश.

ह्या सर्वांत राखणाऱ्याचा मोठा शत्रु म्हणजे त्याचें स्वतःचें यश. त्यानें रात्री जागून पाणी स्वच्छ ठेवलें, म्हणजे कांचेसमोर उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यास टांकी उत्तम चालली आहे असें वाटतें आणि दुरुस्तीची मागणी पुढील वर्षावर जाते. टांकी बिघडली, तर त्यालाच दोष. चांगलें केलें तर दिसत नाहीं आणि राहिलें तर चटकन् दिसतें, अशीं कामें जगांत पुष्कळ आहेत. घरांतील बायकांचें काम ह्याच जातीचें आहे. गांवच्या पाणीपुरवठ्यावरील माणसाचेंही ह्याच जातीचें.

ह्यावरून खाऱ्या पाण्याचीं मत्स्यालयें बांधूंच नयेत असा अर्थ कोणी घेऊं नये. रेणापूरच्या मुलानें जिवंत प्रवाळ पाहावें, असें आम्हांस मनापासून वाटतें. आपल्याच कोंकणपट्टीवर मालवणच्या समुद्रांत प्रवाळें आहेत, विजयदुर्गासमोर दूर समुद्रांत आंग्रे घराण्याचें नांव मिरविणारा आंग्रिया बँक नांवाचा उंचवटा प्रवाळांनीं भरलेला आहे, हें त्याला ठाऊक नसतें. मुंबईच्या गढूळ पाण्यांतसुद्धां वरळी व हाजीअली येथें प्रवाळें वाढत होतीं. सागरी रस्त्याच्या कामाआड आल्यामुळें २०२० सालीं तीं उचलून दुसरीकडे नेऊन बसविण्यांत आलीं. कायद्यानें २००१ सालापासून प्रवाळांस वाघाच्या बरोबरीचें संरक्षण आहे. ज्या प्राण्याची एवढी काळजी कायदा करतो, त्याला टांकींत ठेवावयाचें तर ठेवणाऱ्यानेंही तेवढीच काळजी घेतली पाहिजे.

म्हणून मत्स्यालयाचा नवा आराखडा कोठेंही निघो, त्यावर सही होण्यापूर्वीं एका मनुष्याचें मत लेखी घेतलें जावें, अशी आमची सूचना आहे. आणि तो मनुष्य म्हणजे जो ती टांकी धुणार आहे तो. हात कोठपर्यंत पोंचेल, गाळ कोठें बसेल, वीज गेल्यास काय चालू राहील, आजारी प्राणी कोठें न्यावा, ह्या चार प्रश्नांचीं उत्तरें त्याच्याकडून मिळालीं कीं निम्मे दोष कागदावरच नाहींसे होतील. आमच्या पूर्वजांनीं बारवा बांधल्या, तेव्हां उतरावयास पायऱ्या आणि टेकावयास टप्पे आधीं योजले, पाणी मागून आलें. पाण्यापर्यंत माणसाचा पाय पोंचला पाहिजे हें त्यांनीं गृहीत धरलें होतें. ज्या बारवांतील गाळ काढणें आम्हीं सोडलें, त्या आज कोरड्या किंवा घाण आहेत. ज्यांचा उपसा चालू राहिला, त्यांचें पाणी अजून पिण्याजोगें आहे. समुद्राचा हिशेब ह्याहून निराळा नाहीं. त्याला कांचेआड आणावयाचें असेल तर अगोदर त्याच्यापर्यंत उतरणाऱ्या माणसासाठीं पायऱ्या बांधाव्या. कांच मागाहून बसवावी.